राऊळांच्या जान्हवीचं लायसन्स

दहिसर चेकनाक्याच्या अलीकडे, सर्व्हिस रोडला लागून राऊळांचं गॅरेज आहे. मार्चमधल्या एका दुपारी तिथे इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला एक माणूस आला, ग्रीस न लागलेलं एकुलतं एक स्टूल शोधून त्यावर बसला आणि म्हणाला, "मोटरसायकल रेसच्या आशियाई मालिकेसाठी आम्ही जान्हवीला घेतोय. पहिली रेस मलेशियाला, जूनमध्ये."

हा सुयोग. मुलुंडचा, 'वज्र रेसिंग' या टीमचा मॅनेजर. जान्हवी तेव्हा खाली बसून एका गिऱ्हाइकाच्या गाडीची चेन साफ करत होती. तिला वाटलं, आपण भलतंच ऐकलं. तिने वर बघितलं तर बाबांनी चहाचा कप ओठांना लावला होता आणि तो खाली घ्यायचं ते विसरले होते. सुगंधाआत्याच्या हातातला पाना तसाच हवेत होता. आजोने, म्हणजे बाबांच्या वडिलांनी, धाकू राऊळांनी, कानातलं मशीन काढलं, बनियनला पुसलं, पुन्हा घातलं आणि म्हटलं, "परत सांग."

सुयोगने परत सांगितलं.

मग एकदम सगळं सुटलं. आत्याने काळ्या हातांनीच जान्हवीला मिठी मारली. बाबा बाहेर पळाले आणि शेजारच्या टायरवाल्याला, पलीकडच्या रसवाल्याला आणि सिग्नलला थांबलेल्या एका बिचाऱ्या टेम्पोवाल्याला बातमी सांगून आले. आजोने सुयोगचे दोन्ही हात धरले आणि त्याला घेऊन फुगडी सुरू केली. सुयोगला फुगडी येते का, हे कुणी विचारलंच नाही. जान्हवी जमिनीवरच बसून राहिली. तिला हसू येत होतं आणि ते थांबत नव्हतं.

राऊळांच्या घरात सगळेच रेसवाले. गिरणी बंद पडल्यावर आजो लालबागहून दहिसरला आला आणि गाड्या दुरुस्त करू लागला. एकदा गिऱ्हाइकाची मोटरसायकल घेऊन तो कोल्हापूरला मातीच्या ट्रॅकवरच्या रेसला गेला होता. ऐनवेळी गिऱ्हाइकाला ताप भरला, तेव्हा आजोच लेंगा मोज्यांत खोचून गाडीवर बसला आणि दुसरा आला. त्यानंतर त्याला उतरवणं कुणाला जमलं नाही. बाबा, राजेश राऊळ, तीनदा देशात पहिले आले आणि दोन्ही खांद्यांची हाडं मोडून थांबले. सुगंधाआत्या स्कूटरवरून घाटातल्या रॅली करायची. एका रॅलीत तिचा सायलेन्सर वाटेत पडला, तर पुढच्या गावातले लोक हेलिकॉप्टर आलं म्हणून गच्चीवर चढले होते म्हणे. आणि जान्हवी तेराव्या वर्षापासून चेन्नईजवळच्या ट्रॅकवर. आधी मुलींच्या गटात पहिली आली, मग गेल्या वर्षी मुलगे-मुली एकत्र पळतात त्या गटातही.

घरात रेसशी काही देणंघेणं नसलेलं माणूस एकच, तिची आई. रश्मी राऊळ दहिसरलाच पाळणाघर चालवायची. संध्याकाळी उशीर झालेल्या आईबापांची पोरं ती स्वतःच्या स्कूटरवरून एकेक करून घरी सोडायची, तीसुद्धा इतकी हळू की भाजीवाले चालता चालता तिच्याशी गप्पा मारत.

"आता फक्त थोडी कागदपत्रं लागतील," फुगडीतून सुटल्यावर धापा टाकत सुयोग म्हणाला. "पासपोर्ट, आधार आणि ड्रायव्हिंग लायसन्स."

"रेसिंगचं लायसन्स आहे ना तुमच्याकडे," बाबा म्हणाले.

"ते नाही हो. रस्त्यावरचं, साधं. मे महिन्याच्या शेवटी आमच्या टीमला पैसे पुरवणाऱ्या कंपनीची नवी गाडी बाजारात येतेय. बोरिवलीहून अंधेरीपर्यंत पन्नास गाड्यांची मिरवणूक आहे हायवेने आणि सगळ्यात पुढे जान्हवी. करारातच आहे तसं. झेरॉक्स दिली तरी चालेल."

जान्हवीने बाबांकडे बघितलं. बाबांनी आत्याकडे बघितलं.

"नाहीये," जान्हवी म्हणाली.

"घरी असेल तर व्हॉट्सअॅप कर."

"घरी नाहीये म्हणजे, काढलंच नाहीये कधी."

सुयोगने इतक्या वेळात पहिल्यांदा घाम पुसला. "तू ताशी दोनशेच्या वर गाडी चालवतेस."

"ट्रॅकवर."

"आणि रस्त्यावर?"

"रिक्षाने जाते."

त्याला हे खोटं वाटलं, पण खरं होतं. आजोचा खंडू नावाचा जिवाभावाचा मित्र तरुणपणी हायवेवर पैज लावून गाडी पळवताना गेला. तेव्हापासून आजोने घरात नियम केला होता. रेस करणाऱ्याने रस्त्यावर गाडीच काढायची नाही. "रस्तो लोकांचो. आमचो ट्रॅक," असं तो म्हणायचा. आजोने, बाबांनी आणि आत्याने लायसन्स काढली ती रेस सोडल्यावर. जान्हवीची गाडी टेम्पोत बसून चेन्नईला जायची, जान्हवी रिक्षात बसून कॉलेजला. यात काही वावगं आहे असं वीस वर्षांत कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"आजो, आता?" जान्हवीने विचारलं.

आजोने बराच वेळ कान खाजवला. "पळवूक नाय म्हटलंय मी," तो शेवटी म्हणाला. "चालवूक नाय असा खंय म्हटलंय?"

लर्निंग लायसन्स चार दिवसांत आलं. गॅरेजमधली जुनी दीडशे सीसी गाडी काढली आणि बाबांनी पुढे-मागे लाल रंगात इंग्रजी 'एल' चिकटवला. देशातल्या सगळ्यात वेगवान पोरीच्या गाडीवर तो एल बघून टायरवाला इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. शिकाऊ माणसाच्या मागे लायसन्सवालं कुणीतरी बसलं पाहिजे, म्हणून तिघांनी वार वाटून घेतले. आणि मग जान्हवीच्या लक्षात आलं की आपल्या घरात हळू गाडी चालवता येणारं कुणीच नाही.

बाबा मागे बसले की नकळत वळणावर आत झुकायचे, अख्खी गाडी त्यांच्याबरोबर झुकायची आणि रिक्षावाले शिव्या घालायचे. आत्या सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच कानात ओरडायची, "सोड, सोड." आजो नुसता इंजिनाचा आवाज ऐकत बसायचा आणि गाडी चुकीच्या गिअरमध्ये असली की तिच्या बरगडीत बोट खुपसायचा. एकदा दहिसरच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने तो एल बघितला, जान्हवीचा घामेजलेला चेहरा बघितला आणि तो प्रेमाने म्हणाला, "घाबरायचं नाय ताई. सगळ्यांना येतं हळूहळू." मागे बसलेल्या बाबांना इतका राग आला की ते घरापर्यंत त्या रिक्षावाल्याला नावं ठेवत राहिले. जान्हवीला मात्र त्या रिक्षावाल्याला घरी जेवायला बोलवावंसं वाटलं.

परीक्षेच्या दिवशी आरटीओच्या मैदानावर राऊळांचं अख्खं घर हजर होतं. जमिनीवर पांढऱ्या पट्ट्यांनी मोठा आठ आखलेला. त्या आठावरून पाय न टेकता गाडी फिरवायची, बस. साहेब खुर्चीवर बसले होते, डोक्यावर टोपी, हातात पेन. जान्हवीच्या पुढे एक कॉलेजचा मुलगा होता. तो डुगडुगत फिरला आणि पास झाला. मग एक काका, तेही पास.

जान्हवीने हेल्मेटची काच खाली केली. झालं, तिथेच चुकलं. काच खाली आली की तिचं डोकं एकाच पद्धतीने चालायचं. तिने क्लच सोडला, पहिल्या गोलात शिरली, गुडघा आपसूक बाहेर आला, गाडी आडवी झाली, मधल्या फुलीवरून तिने गाडी उजवीकडून डावीकडे फेकली आणि दुसऱ्या गोलातून धुरळा उडवत बाहेर पडली. पाय कुठेच टेकला नाही. रांगेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी खिशातून स्टॉपवॉच काढलं होतं, ते त्यांनी आत्याला दाखवलं.

साहेबांनी टोपीवरची धूळ झटकली. "हे काय होतं?"

"आठ," जान्हवी म्हणाली.

"हा आठ नव्हता, बाई. हात दाखवला नाही, आरशात बघितलं नाही आणि ज्या वेगाने तुम्ही गेलात त्या वेगाने रस्त्यात म्हातारी आली असती तर?" त्यांनी पेनाने रेघ मारली. "नापास. पुढच्या आठवड्यात या."

दुसऱ्या वेळी तिने काच वर ठेवली आणि हळू जायचं ठरवलं. इतकं ठरवलं की पहिल्याच गोलात गाडी जागच्या जागी थांबली, एका बाजूला कलली आणि जान्हवीने पाय टेकला. मग दुसरा पाय. मग गाडी बंद पडली. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अरे, हीच ना ती गेल्या आठवड्यातली?" साहेबांनी रेघ मारली.

त्या संध्याकाळी राऊळांच्या घरात जोरदार वाद झाला. बाबांचं म्हणणं, टायरात हवा जास्त होती. आत्याचं म्हणणं, आठच चुकीचा आखलाय. आजो म्हणाला, "आठाचा काय घेऊन बसलास? चेडू भियालां." पोरगी घाबरलीये, एवढंच त्याचं म्हणणं. सुयोगचा फोन आला तेव्हा जान्हवीनेच उचलला.

"झालं का?" त्याने विचारलं.

"होतंय."

"जान्हवी, वरच्या लोकांनी विचारलं तर मी काय सांगू? आपली रायडर दोनदा नापास झाली?"

"सांग की ती अभ्यास करतेय."

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. आई कोलंबी साफ करत होती. जान्हवीला रडायला येईल असं वाटत होतं, पण आलं हसू. ती आशियात पळायला निघाली होती आणि आरटीओच्या आठात अडकली होती.

"तिघांनी तुला शिकवलं," आई म्हणाली, "मला कुणी विचारलं?"

"तुला? आई, तुला तर चालणारी माणसं मागे टाकतात."

"मग? तुला तेच शिकायचंय ना?"

रविवारी सकाळी दोघी चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गेल्या. गाळे बंद होते, रस्ते मोकळे. आई साडीवर जर्किन घालून मागे बसली आणि म्हणाली, "चल. त्या निळ्या शटरपर्यंत. ही माझी स्कूटर आहे, पुढे दोन वर्षांचं पोर उभं आहे असं समज, आणि त्याला नुकतीच झोप लागलीये."

जान्हवीने गाडी सोडली. दहा पावलांवर ती डगमगली.

"जमिनीकडे बघू नकोस गं. पोर उठेल."

"गाडी पडतेय आई."

"पडत नाही. तुम्हा सगळ्यांना ना, गाडी हळू झाली की वाटतं, संपलं. मागचा ब्रेक नुसता धरून ठेव, दाबू नकोस. क्लच अर्धा. आणि माझ्याशी बोल."

"काय बोलू?"

"काहीही. काल त्या सम्यकने काय केलं माहितीये? पाळणाघरातला, तो गुबगुबीत. माझा चष्मा घेतला आणि डाळीच्या डब्यात पेरला. उद्या झाड येणार म्हणाला."

जान्हवी हसली. हसता हसता निळं शटर आलं. पाय टेकला नव्हता. आई मागून म्हणाली, "आता वळ आणि परत." मग परत. मग बंद गाळ्यांच्या मधल्या चौकात खडूने आठ काढला आणि आईने सम्यकच्या, त्याच्या आजीच्या, आजीच्या कुत्र्याच्या गोष्टी सांगितल्या आणि जान्हवी त्या आठावरून फिरत राहिली. इतकी सावकाश, की एक मांजर आठाच्या मधोमध येऊन बसलं आणि त्याला उठावंसं वाटलं नाही. हे वेगाइतकंच अवघड होतं आणि तिला वेड्यासारखं आवडायला लागलं होतं. ऊन चढलं तेव्हा आईच म्हणाली, "पुरे गं, माझी कंबर गेली." जान्हवी म्हणाली, "अजून एक."

तिसऱ्यांदा मैदानावर गेली तेव्हा तिने एकट्या आईलाच बरोबर नेलं. बाकीच्या तिघांना गॅरेजमध्ये राहायची सक्त ताकीद होती. ते गेटबाहेर उसाच्या गाडीमागे लपले होते, पण ते नंतर कळलं. तिने हात दाखवला, आरशात बघितलं आणि स्वतःशी काहीतरी पुटपुटत आठ फिरली. साहेबांनी खुर्ची जरा मागे सरकवून ठेवली होती, ती पुन्हा पुढे घेतली.

"काय पुटपुटत होतात?"

"कुत्र्याची गोष्ट, साहेब."

त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग आकाशाकडे बघितलं आणि सही केली. "पास. चौथ्यांदा येऊ नका."

लायसन्स घरी आलं त्या दिवशी एल काढून टाकला आणि जान्हवी आईला मागे बसवून हायवेवर निघाली. दहिसर ते बोरिवली, डाव्या हाताला नॅशनल पार्कची झाडं येईपर्यंत. चाळीसवर होती, डाव्या लेनमध्ये, अगदी शहाण्यासारखी. रिक्षा मागे पडत होत्या. मागून आईचा हात तिच्या कमरेभोवती घट्ट झाला.

"घाबरलीस?"

"नाही गं," आई म्हणाली. जरा वेळाने म्हणाली, "थोडी वाढव ना."

जान्हवीने पन्नास केली. मग साठ, तेवढीच मुभा होती तिथे. आईचा पदर जर्किनमधून सुटून फडफडायला लागला आणि ती हसायला लागली. बारीक, थांबतच नाही असं, शाळेतल्या मुलीसारखं. जान्हवीने आईला असं हसताना कधी ऐकलं नव्हतं. बोरिवलीचा पूल आला तरी दोघींना उतरायचं सुचलं नाही, तशाच पुढे कांदिवलीपर्यंत गेल्या.

मिरवणूक मस्त झाली. पन्नास गाड्या, ढोल, आणि सगळ्यात पुढे जान्हवी. ती इतक्या शिस्तीत हळू चालली की मागच्या बड्या बड्या रायडरांचे पाय टेकले. सुयोग जीपमधून अंगठा दाखवत होता.

आणि मग जून. टीमने घरच्या दोघांना न्यायची सोय केली होती. कोण जाणार यावरून भांडण होईल असं जान्हवीला वाटलं होतं, पण बाबा लगेच म्हणाले, "आजोला ने. आणि तुझ्या आईला. मी बघितलं तर माझाच जीव जाईल." आत्या गॅरेजमध्ये मोठा टीव्ही भाड्याने आणून सगळा सर्व्हिस रोड गोळा करणार होती.

आजो आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसला. अठ्ठ्याहत्तरीचा माणूस, पण खिडकीला नाक लावून बसला आणि विमान धावपट्टीवर पळायला लागलं तेव्हा मोठ्याने म्हणाला, "आता तिसरो टाक." मलेशियात तो सगळ्यांशी मालवणीत बोलला आणि सगळ्यांना कळलं. शनिवारच्या रेसमध्ये जान्हवी दुसऱ्याच वळणावर पडली. पुढच्याची गाडी घसरली, तिच्या चाकाखाली आली आणि ती वाळूतून गडगडत गेली. लागलं नाही, फक्त कोपर सोलवटला. पिटमध्ये, म्हणजे टीमच्या गाड्या थांबतात तिथे, येऊन ती बादलीवर बसली. सुयोगचा चेहरा पडला होता. आजोने तिचे बूट काढून त्यातली वाळू जमिनीवर उपडी केली आणि विचारलं, "उद्या परत आसा ना?"

"आसा."

"मग जेव."

रविवारी ती सतराव्या जागेवरून सुटली. पहिल्या वळणावर सगळे आत घुसले, म्हणून ती बाहेरून गेली. बाहेरची बाजू रिकामी होती, इतकी रिकामी की तिला आश्चर्यच वाटलं. तिने आठ गाड्या तिथेच मागे टाकल्या. मग एक थायलंडचा, मग एक जपानी पोरगा, जो तीन वळणं वाट सोडत नव्हता आणि चौथ्याला वळणाबाहेर सरकला. गाडी पोटाखाली किंचाळत होती, सरळ पट्टी आली की वारा हेल्मेट मागे ओढत होता आणि जान्हवीला जाणवलं की आपण हसतोय. हेल्मेटच्या आत, तोंड उघडं टाकून. ब्रेक दाबायची जागा दाखवणारा बोर्ड येत होता आणि तिला तो यायला हवा होता, लवकर, पुढचं वळण हवं होतं, त्याच्या पुढचंही. शेवटच्या फेरीत सहाव्या नंबरच्या मागे तिने दोन वळणं वाट बघितली आणि तिसऱ्याला आत चाक घातलं. दोघांचे कोपर घासले. तो सरकला.

झेंडा पडला. सहावी.

पहिल्याच मोसमात, दुसऱ्याच रेसमध्ये सहावी. तिकडे दहिसरला आत्याने टीव्हीलाच मिठी मारली आणि बाबा सर्व्हिस रोडवर चेकनाक्याच्या दिशेने अनवाणी पळत सुटले, ते का आणि कुठे, त्यांनाही सांगता आलं नाही. इकडे पिटच्या भिंतीवर आई उभी राहून दोन्ही हात हलवत होती, तिच्या चवड्यांवरच्या उड्या थांबत नव्हत्या, आणि आजो सुयोगचे हात धरून पुन्हा गोल फिरवत होता. या वेळी सुयोगला फुगडी बऱ्यापैकी यायला लागली होती.

जान्हवीने भिंतीवरचं ते सगळं पिटजवळ परत येताना बघितलं. झेंड्यानंतर एक सावकाश फेरी मारून सगळ्यांनी आत यायचं असतं. सगळे आत गेले. जान्हवी पिटच्या दारावरून आईकडे हात हलवत, ओरडत, उभी राहून, थेट पुढे निघून गेली. दार मागे पडल्यावर तिच्या लक्षात आलं आणि मग तिला वाटलं, गेलोच आहोत तर जाऊ. अख्खा ट्रॅक रिकामा होता, ऊन उतरतीला लागलं होतं, स्टँडमधले लोक उभे राहून तिच्याकडे बघत होते आणि ट्रॅकच्या कडेला राखण करणारे मार्शल आपापल्या जागेवरून हात वर करत होते. थांब म्हणत होते की अभिनंदन करत होते, कोण जाणे. तिने प्रत्येकाला हात केला.

मागच्या सरळ पट्टीवर पेट्रोल संपलं. गाडी फुर्र करून गप्प झाली आणि सावकाश जाऊन गवताशी थांबली. जान्हवी उतरली, हेल्मेट काढलं, गवतावर उताणी पडली आणि हसत राहिली. एक मार्शल त्याची मोटरसायकल घेऊन आला. त्याने काळजीने तिच्या भाषेत नसलेलं काहीतरी विचारलं.

"आय अॅम सिक्स्थ," जान्हवी त्याला म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला, मग तोही हसायला लागला आणि मागची सीट थोपटली. ती बसली. त्याच्या मागे बसून ती पिटकडे निघाली तेव्हा भिंतीवरून आजोचा आवाज इंजिनाच्या वर ऐकू येत होता, "गो, गाडी खंय टाकलंस?"